पांढरीपांडेकाकांचे आठ मॅनेजर

पांढरीपांडेकाका लायब्ररीत मोठ्यानं वाचायचे, तेही मराठीत. समोरच्या पडद्यावर एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वर्तमानपत्र असायचं आणि काका त्यातल्या बेसबॉलच्या बातमीचं मराठी करून, मान हलवत, स्वतःलाच ऐकवायचे. "सहाव्या डावात आपल्या माणसांनी तीन झेल सोडले. तीन! अरे बापा, हात आहेत का चाळण्या?" शेजारच्या टेबलावरची माणसं माझ्याकडे बघायची. मी त्या खोलीची जबाबदार बाई. पण काकांना गप्प करणं मला कधी जमलं नाही.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत जुन्या कागदपत्रांची एक खोली आहे, तिथं मी काम करते. काका पहिल्यांदा आले तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचलं. मी इंग्रजीत बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुलकर्णी म्हणजे कुठली तू?"

"सांगलीची."

"मी नागपूरचा. आता सांग, ही जुन्या पेपरांची फिल्म लावायची कशी?"

काका मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं होते, त्यातली बरीचशी मॅनेजर म्हणून. काकू गेल्यावर ते रोज शेजारच्या गावातल्या बागेत फिरायला जायचे. तिथं एक दगड आहे. गावाची पहिली पगारी बेसबॉल टीम त्या जागी खेळायची, असं त्यावर लिहिलंय आणि खाली खेळाडूंची नावं कोरली आहेत. काकांना त्या दगडाचा राग आला होता. "सगळ्यांची नावं आहेत. अन् मॅनेजर? तो काय आकाशातून टीम चालवत होता? प्लेअर खेळतात, टाळ्या घेतात. मॅनेजर बाजूला कोट घालून उभा राहतो अन् शिव्या खातो. त्याचं नाव कोण लिहील?"

म्हणून त्यांनी स्वतः लिहायचं ठरवलं. बेसबॉल त्यांना धड कळत नव्हता. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही सगळं क्रिकेटमध्ये रूपांतर करूनच ते समजून घ्यायचे. पण मॅनेजर म्हणजे काय ते त्यांना पुरेपूर माहीत होतं. त्या काळात मॅनेजरला खेळाडू शोधण्यापासून रेल्वेची तिकिटं काढण्यापर्यंत सगळं बघावं लागायचं. पाच हंगामांत त्या टीमला आठ मॅनेजर झाले. पहिला टोप्यांचा दुकानदार, त्याला खेळापेक्षा गणवेशाची जास्त काळजी. दुसरा स्वतःच खेळायचा आणि हरल्यावर स्वतःवरच चिडायचा. तिसऱ्यानं सगळ्या टीमला चुकीच्या गाडीत बसवून भलत्याच गावी नेलं. ही बातमी वाचताना काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मी असतो तर त्याला प्रमोशन दिलं असतं. सगळे एकाच गाडीत बसले, हे काय कमी आहे?"

सहावा मॅनेजर मात्र सापडत नव्हता. गावाच्या इतिहासात त्याच्याबद्दल एकच ओळ होती. त्याच्या हाताखाली टीम ओळीनं अकरा सामने हरली, त्याला टीम सांभाळता आली नाही, म्हणून त्याला काढलं. काका म्हणायचे, "अकरा सामने हरायलाही माणूस रोज मैदानावर यावा लागतो. तो कोण होता?" महिनाभर ते त्याच्याच मागे होते.

एका सकाळी त्यांचं वाचन मध्येच थांबलं. मी वळून बघितलं, तर काका पडद्याकडे बघत नुसते बसले होते. जाहिरातींच्या खाली एक बारीक पत्र छापलेलं होतं, सहाव्या मॅनेजरचं. त्याच्या सगळ्यात चांगल्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, खांदा सुजला होता. मालकांचा हुकूम होता की त्याला खेळवा. मॅनेजरनं खेळवलं नाही. त्या पोराचा हात जन्माचा जाईल, असं त्याला वाटलं. टीम हरत गेली आणि याची नोकरी गेली. आपली काही तक्रार नाही, फक्त पिचरला कुणी कामचुकार म्हणू नये, एवढ्यासाठी त्यानं पत्र लिहिलं होतं.

"काका, सापडला की!" मी म्हटलं.

"हो," काका म्हणाले. त्यांनी फिल्म नीट गुंडाळून डबीत ठेवली, कोट घातला आणि गेले. नंतर दोन आठवडे ते आलेच नाहीत.

मी फोन केला तर म्हणाले, "काय करून राहिली? वेळ असेल तर चहाला ये." त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या विभागात पत्रा दाबायचं एक मोठं प्रेस मशीन होतं. हात आत जाऊ नये म्हणून त्याला पुढून जाळी. जाळी उघडी असली की एका स्विचमुळे मशीन चालू होत नसे. एकदा तो स्विच बिघडला. नवा स्विच शुक्रवारी येणार होता. वरचा साहेब म्हणाला, तोवर चालव. तसं चालवायच्या कागदावर काकांनी बुधवारी सही केली. गुरुवारी रॉय नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. चौकशीत रॉयचाच निष्काळजीपणा ठरला. काका तिथं बसले होते. त्यांना कुणी थेट विचारलं नाही, आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही.

"आमची पोरगी मधुरा तेव्हा दीड वर्षाची होती. ग्रीन कार्ड व्हायचं होतं. कारणं पुष्कळ होती माझ्याकडे," ते म्हणाले. "पण त्या सहाव्याकडे पण असतीलच ना? त्यालाही घर असेल." मग त्यांनी कप बाजूला सरकवला. "मोतीबिंदूमुळे मला हायवेला ड्राइव्ह करता येत नाही. तू नेशील का मला? पत्ता काढलाय मी."

रॉयचं घर तासाभराच्या अंतरावर होतं. दार त्यानंच उघडलं. उंच, वाकलेला, काकांच्याच वयाचा. "पँडी," तो म्हणाला. पांढरीपांडे हे नाव कारखान्यात कुणाला झेपलं नव्हतं. "म्हातारा झालास."

काका वाटेत इंग्रजी वाक्यं मनात जुळवत आले होते. ती सगळी विसरून ते एवढंच म्हणाले, "रॉय, त्या बुधवारी सही मी केली होती."

"माहितीय. कागद मशीनलाच अडकवलेला होता."

"चौकशीत मी गप्प बसलो."

"तेही माहितीय. मी समोरच होतो." रॉयचा आवाज अजिबात चढला नाही. "पहिलं वर्षभर वाटायचं, तू येशील. बायको म्हणायची, तो येणार नाही. मग मी वाट बघणं सोडलं."

रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली.

"मी तुला माफ केलंय असं म्हणणार नाही," रॉय म्हणाला. "कारण तसं मला वाटत नाही. पण आत ये. दारात किती वेळ उभा राहशील?"

आम्ही आत गेलो. त्यानं कॉफी केली. टीव्हीवर मॅच चालू होती, ती तिघांनीही शेवटपर्यंत पाहिली. परत येताना मी म्हटलं, "काका, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"बरंच झालं. त्यानं माफ केलं असतं, तर मी पुन्हा कशाला गेलो असतो?"

आणि खरंच ते पुन्हा गेले. दर मंगळवारी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर स्वतः गाडी चालवत जायचे. दोघं मॅच बघायचे. रॉय बेसबॉलचे नियम समजावायचा, काका त्याला आठ मॅनेजरांच्या गोष्टी सांगायचे. काकांनी एक छोटी वहीही लिहून पूर्ण केली. गावाच्या इतिहासातली ती ओळ त्यांनी पत्रावर पत्रं लिहून बदलून घेतली. आता तिथं सहाव्या मॅनेजरचं नाव आहे आणि त्यानं पिचरला का खेळवलं नाही, तेही आहे.

पुढच्या हिवाळ्यात काका आजारी पडले. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा काका म्हणाले, "मी गेल्यावर आपल्या मराठी मंडळातले लोक गोड गोड बोलतील. बोलू दे. पण मधुराला कुणीतरी खरं सांगितलं पाहिजे. मी तीनदा फोन हातात घेतला. नाही जमलं बापा." मी हो म्हटलं. म्हणताना ते किती अवघड आहे, हे मला कळलं नव्हतं.

काका गेले तेव्हा मधुरा ती राहते त्या अल्फारेटाहून विमानानं आली. अंत्यविधीच्या हॉलमध्ये लोक खरंच चांगलं बोलले, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. रॉय शेवटच्या रांगेत बसला होता. मधुरानं जाऊन त्याला विचारलं, "हाउ डिड यू नो माय डॅड?"

"मी त्यांच्या हाताखाली काम केलं," रॉय इंग्रजीत म्हणाला.

"ही मस्ट हॅव बीन अ ग्रेट बॉस."

रॉयनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "कधीकधी," तो म्हणाला. "माणूस म्हणून शेवटी शेवटी जास्त बरा झाला."

तिला ते समजलं नाही. सगळे गेल्यावर पार्किंग लॉटमध्ये, माझ्या गाडीत बसून, मी तिला सगळं सांगितलं. स्विच, सही, चौकशी, दर मंगळवार. ती काचेतून बाहेर बघत होती. तिच्या वडिलांबद्दलचं काहीतरी मी तिच्याकडून काढून घेतेय, असं मला वाटत होतं, आणि तरी मी थांबले नाही.

मग तिनं विचारलं, "मावशी, मी तेव्हा केवढी होते?"

"दीड वर्षाची."

तिनं डोळे पुसले, फोन काढला आणि दुसऱ्या दिवशीचं फ्लाइट कॅन्सल केलं. मग माझ्याकडून रॉयचा पत्ता लिहून घेतला. तो रविवार होता. मंगळवारपर्यंत ती थांबली.