चिचा आंबेपर्यंत

क्रिसान्तोच्या हाताला जेवतानाही राळेचा वास यायचा. बायको एर्लिंदा म्हणायची, "अहो, तुम्ही भाकरीला हात लावला की पाइनचं झाडच चावतेय असं वाटतं." तो हसायचा. होंडुरासच्या त्या डोंगरात त्यानं जन्मभर एकच धंदा केला. पाइनच्या खोडाला चीर द्यायची, खाली डबा टांगायचा, भरला की राळ उतरवायची. त्याच्या उतारावरचं एकेक झाड त्याच्या ओळखीचं. एक होतं कंजूष, कधी धड राळ न देणारं. त्याला तो सासूबाई म्हणायचा.

त्या वर्षी पाऊस रुसला आणि किडा आला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा जीव, पण मेल्यानं पलीकडचा अख्खा डोंगर वाळवून लाल करून टाकला. तो साल पोखरून आत शिरतो, झाड राळ सोडून त्याला बुडवायला बघतं. राळेत दम नसला की झाड संपलं. एका सकाळी सासूबाईंच्या खोडावर मक्याच्या लाह्या चिकटल्यासारखे राळेचे पांढरे गोळे क्रिसान्तोला दिसले. किडा इथंही पोचला होता. इतकी वर्षं आपणच यांची राळ काढून नेली, हा विचार आला तसा त्यानं तो दाबून टाकला.

गावानं ठरवलं, क्रिसान्तोचा उतार ताबडतोब तोडायचा. किडा झाडात आहे तोवर झाडं आडवी केली तरच तो थांबेल. नाहीतर पुढं झऱ्यावरची पाइन होती. ती वाळली की झरा आटणार, आणि गाव त्याच झऱ्याचं पाणी पीत होतं.

"दाजी, उद्याच करवत लावतो," मेल्विन म्हणाला. तो एर्लिंदाचा भाऊ.

"असा कसा लावतोस? भुईची माफी नाही, कोंबडा नाही, चिचा नाही!"

"अरे वा! दाजींना भुई कधीपासून आठवायला लागली?"

बोलला ते खरंच. झाड तोडण्याआधी कोंबडा कापून, मक्याची आंबवलेली दारू म्हणजे चिचा जमिनीवर ओतून भुईची माफी मागायची, ही तिथल्या मूळच्या लेंका लोकांची जुनी रीत. क्रिसान्तो आजवर अशा विधीला जायचा तो फुकटची प्यायला. पण विधी करणारा म्हातारा बेनान्सियो एवढा खूश झाला, की बाकीच्यांची तोंडंच बंद झाली.

एर्लिंदानं मडक्यात चिचा आंबत घातली. क्रिसान्तो रोज चाखायचा आणि म्हणायचा, "अजून गोडच आहे." उतारावर डबे थेंबथेंब भरत होते. खोडाला कान लावला की आत कुरकुर ऐकू यायची. शेंडे पिवळे पडले. मग त्यानं कान लावणंच सोडलं.

"अहो, आंबली की! जिभेला झोंबतेय," एर्लिंदा म्हणाली.

"तुला काय कळतंय? राहू दे अजून."

तिनं त्याच्या राळेनं चिकट झालेल्या हातांकडे पाहिलं आणि मडकं झाकलं.

अखेर डबे भरले, तेव्हा चिचा आंबली. बेनान्सियोनं कोंबडा दिला, चिचा ओतली, म्हणाला, "आई, तुझी लेकरं तोडतोय, रागावू नकोस." मेल्विननं सासूबाईंना हात लावला तर साल पोपड्यासारखी हातात आली. तिला चाळणीसारखी भोकं होती.

"आत किडाच नाही!" कुणीतरी आनंदानं ओरडलं.

क्रिसान्तोनं त्या भोकांवरून बोट फिरवलं. "उडाला," तो म्हणाला.

सगळे झऱ्याकडे निघाले. तिथं एकेका खोडावर लाह्या फुटल्या होत्या, ताज्या, ओल्या. खाली पाणी रोजच्यासारखं वाहत होतं.

"बोला दाजी," मेल्विन म्हणाला, "इथंही चिचा आंबू द्यायची का?"

एर्लिंदाच्या हातातल्या वाडग्यात थोडी उरली होती. ती तिनं बुंध्याशी ओतली. "कधीचीच आंबली होती," ती म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.

क्रिसान्तोनं मेल्विनच्या हातून मोटरची करवत घेतली. भुईची माफी मागायला त्याची जीभ रेटेना. त्यानं करवतीची दोरी ओढली.