बारीक आवाज

पठारावरचं दव अजून वाळलं नव्हतं. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या क्लबच्या हिवाळी शिबिरात आम्ही बांबूला तार बांधून अँटेना उभारली होती. गारठलेल्या हातात माईक धरून मी बसले होते. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. वर्गात हात वर करायलाही कचरते. पण आज रेडिओवर दूरच्या कुणाकडून तरी एक उत्तर मिळवायचंच, असं ठरवून आले होते.

आमच्या क्लबची ओळख पटवणारी अक्षरं मी सांगितली. रेडिओवरच्या इतरांच्या खणखणीत आवाजांच्या गर्दीत ती बुडाली. पुन्हा सांगितली, पुन्हा बुडाली.

"बॅटरी दमेल, तू दमू नकोस," क्लबमधली सुजाताताई हसली.

मी परत बटण दाबून अक्षरं सांगितली आणि बटण सोडलं. तेवढ्यात पलीकडून एक घोगरा आवाज आला, "बाकीचे जरा थांबा हो. मागे कुणीतरी बारीक आवाजात बोलतंय. हां बेटा, बोल."

सगळे गप्प झाले. "ही रेडिओवरची रीतच आहे," ताई कुजबुजली.

वर्गात असं कुणी थांबेल की नाही, कोण जाणे. पण इथेही ते थांबले, ते मी तिसऱ्यांदा बोलले म्हणून. मी घसा साफ केला आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं. क्षणभर नुसती खरखर. मग तीच अक्षरं, जशीच्या तशी, त्या घोगऱ्या आवाजात माझ्याकडे परत आली.