दोरीवरचा खुलासा

कचाकच कात्री चालवत मावशीने भिंगरीच्या खुलाशाच्या पट्ट्या करायला घेतल्या.

"अगं ए! दोन तास घासलंय ते!" भिंगरी किंचाळली.

"घासलंस ते दिसतंय. वाचायचं कुणी?"

भिंगरीने आठवीतच शाळा सोडली होती. एका जागी बूड टेकायचं नाही, म्हणून तर हे नाव पडलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर होती. मावशी, म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण, तिथेच चादरींच्या घड्या घालायची. काल यंत्र भलतंच तापलं आणि चाळीस चादरी करपल्या. मुकादमाने साहेबांना सरळ सांगून टाकलं, पोरीचं लक्ष नव्हतं. साहेबांचा हुकूम आला: आज चारच्या आत लेखी खुलासा दे, नाहीतर घरी बस.

खुलासा दोन पानी होता आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. मुकादमाचा खडूसपणा, आईचं दुखणं, यंत्र, परत मुकादम.

जेवणाच्या सुट्टीत दोघी मागच्या अंगणात, वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी उभ्या होत्या. रजेचा अर्ज असो की तक्रार, धुलाईखान्यातलं कुणीही मावशीकडेच यायचं. तिचं एकच तंत्र. कागद कापायचा, तुकडे दोरीला चिमट्याने लावायचे. एका चिमट्याला एकच गोष्ट. आणि ती कशाबद्दल आहे ते पहिल्याच ओळीत. जाता जाता वाचलं तरी कळलं पाहिजे.

"हे काय आहे?"

"मुकादम कसा नालायक आहे ते."

"खरंय?"

"शंभर टक्के!"

"मग मागच्या दोरीवर टाक. तिकडचं साहेबाला द्यायचं नाही."

मागची दोरी बघता बघता भरली. पुढच्या दोरीवर दोनच तुकडे लटकत राहिले.

"मावशी, माझ्या बाजूने काही उरलंच नाही की गं!"

मावशी हातातली शेवटची पट्टी डोळ्यांजवळ नेऊन वाचत होती. "सकाळीच मेकॅनिकला सांगितलं होतं, यंत्राचा तापमानाचा काटा अडकतोय. त्याने वहीत लिहून घेतलं. बये, हे कुठे लपवलं होतंस?"

"लपवलं कुठे? दुसऱ्या पानावर आहे की. आईच्या गुडघ्याच्या खाली."

"आईच्या गुडघ्याखाली साहेबाने काय शोधायचं?" मावशीने ती पट्टी दोरीच्या अगदी सुरुवातीला लावली. मग तिची नजर भिंगरीच्या हाताला बांधलेल्या फडक्यावर गेली. "आणि हे?"

"यंत्र बंद करायला गेले तेव्हा भाजलं."

"कुठे लिहिलंयस?"

"त्यात काय लिहायचं?"

"लक्ष नसलेली बाई यंत्र बंद करायला धावून हात भाजून घेते होय? लिही!"

ती चिठ्ठी शेवटी लागली. मग मावशी दोरीच्या कडेने चालत मोठ्याने वाचत गेली. आधी सांगितलं होतं. मग हे घडलं. मग इतकं नुकसान झालं. मग मी हे केलं. भिंगरीला स्वतःचीच गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. तिने चार भाग चार जागी सुटे ठेवून स्वच्छ उतरवून काढले.

चारला दहा कमी असताना कागद साहेबांच्या हातात पडला. त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला, अर्ध्या मिनिटात, आणि मेकॅनिकची वही मागवली. नोंद होती. मुकादमाचा चेहरा धुवायला टाकल्यासारखा झाला. भिंगरी यंत्रावर राहिली.

"मावशी, तू साहेबीण व्हायला हवी होतीस!"

"गप. चादरीचं टोक धर."

त्यानंतर कुणी मावशीच्या दोरीला हसलं, तर भिंगरी त्याच्या अंगावर धावून जायची.

काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, गोष्ट तिला वर्षभराने कळली, तीही काकांकडूनच. तेही याच धुलाईखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर बंद पडला, ठपका त्यांच्यावर आला आणि नोकरी गेली. त्यांचा खुलासा नव्या नवरीने, म्हणजे मावशीनेच, लिहिला होता. तीन पानं, सलग. कामाची ओळ तिसऱ्या पानावर होती. साहेबांनी फक्त पहिलं पान वाचलं होतं.