जुन्या फोटोतले दात

औरंगपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ते नवराबायको भर दुपारी आले. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. काकांनी तोंड उघडलं तर वरचे पुढचे दात जवळजवळ अर्धे झिजलेले, आतला पिवळा भाग उघडा पडलेला. गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जायची.

"झोपेत दात खाता का, काका?" मी विचारलं.

काकू म्हणाल्या, "लई खातेत, मॅडम. पोरगं गेल्यापासून चाललंय."

एकुलता एक मुलगा. नुकताच त्याच कारखान्यात लागलेला. ड्युटीवरून परत येताना मोटरसायकलच्या अपघातात गेला.

मी समजावलं, दात काढायचे नाहीत, उरलेल्या दातांवर त्याच रंगाचं कंपोझिट, म्हणजे दात भरायचा मसाला, थराथरानं चढवून मूळची उंची आणू. फक्त झोपताना दातांवर प्लास्टिकचं कव्हर घालावं लागेल. मूळचा आकार कळावा म्हणून जुना फोटो मागितला. काकूंनी मोबाईलवर त्यांच्या दोघांच्या लग्नातला काकांचा फोटो दाखवला. फेटा बांधलेला, हसणारा तरुण. पुढच्या दोन दातांत बारीक फट.

काम मनासारखं जमलं. एकेक थर लावायचा, निळ्या उजेडानं घट्ट करायचा. ती फटसुद्धा मी तशीच ठेवली. पॉलिश झाल्यावर हातात आरसा दिला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि आरसा मांडीवर पालथा ठेवला.

"हे तर पोराचं तोंड हाय," ते म्हणाले.

मुलगा बापावर गेला होता. काकू जवळ आल्या, म्हणाल्या, "हसा बरं जरा." त्यांनी नुसते ओठ उघडले. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या.

काही दिवसांनी ते एकटेच आले. "काढून टाका, मॅडम. ती माझ्याकडं बघंना झालीय. ताट वाढती अन् तोंड फिरवती."

"काढलं की पुन्हा ठणका लागेल, काका. थोडे दिवस जाऊ द्या. सवय होईल."

"कशाची?"

रात्री कव्हर घालता ना, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पावसाळा सरता सरता दोघं परत आले. एका बाजूचं कंपोझिट तुटून गेलं होतं, दुसऱ्या बाजूचं घासून संपत आलेलं. पुन्हा करू म्हटलं, तर ते नको म्हणाले. "जिभंला टोचतंय तेवढं घासून द्या."

मी कडा गुळगुळीत केल्या. चूळ भरताना पाणी हनुवटीवर ओघळलं, ते काकूंनी पदरानं पुसलं. त्या आता सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

दात असेच झिजत राहिले तर नस उघडी पडेल, मग रूट कॅनाल, आणि शेवटी दात काढावे लागतील, हे मी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चालू असल्यासारखं त्यांनी ऐकून घेतलं.

"चालंल," ते म्हणाले. काकूंनीही मान डोलावली.