देवरावची शिट्टी

देवराव मेला तेव्हा आमचा अबोला सुरू होता.

आज महिना झाला. म्हणून लिहून राहिलो.

भांडण हॉकीवरून. हसू नका.

लीगच्या खेळाडूंनी संप केला होता. मागणी एकच: खेळताना जखमी झालेल्याला टीमच्या मालकांनी काढून टाकायचं नाही.

पांढुर्ण्याच्या आमच्या टपरीवर हॉकीवेड्यांचे दोन तट पडले.

मी म्हणालो, "पोरं माजली. आपण टीव्हीपुढं ताटकळून राहिलो, अन् हे संपावर."

देवराव म्हणाला, "तू बागेवाला होय ना बे. तुले मालकच दिसन."

"अन् तुले?"

त्यानं उजवं मनगट टेबलावर ठेवलं. वाकडं.

ते माझ्याच बागेत मोडलं होतं. संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढवताना.
पट्टी मी बांधून आणली. पुढच्या तोडीला मात्र दुसरा माणूस बोलावला.

आधी तो चांगला खेळायचा. त्या हातानं पुन्हा स्टिक धरली नाही. देवराव पंच झाला. गळ्यात पितळी शिट्टी.
टीव्हीवर गोल झाला तरी घरात वाजवायचा. एक लांब, दोन आखूड. आमची भिंत एकच, मला रोज ऐकू यायची.

तीस वर्षांत मनगटाबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

उठताना म्हणाला, "आता माहाही संप. मालक ऐकतीन, पोरं मैदानात उतरतीन, त्या दिवशी शिट्टी वाजवीन. मंग ये चहाले. तोवर बोलू नोको."

मीही ताठ. नाही बोललो.
संप मिटायच्या आधी तोच गेला.

तेरवीला वहिनींनी शिट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्याजवळच ठेवा, भाऊजी." मग घराला कुलूप लावून त्या सौंसरला लेकीकडे गेल्या. शिट्टी मी माझ्या घरात खुंटीला अडकवली.

शेवटी मालकांनी मागणी मानली. आज पाच वाजता पहिली मॅच.
एकटाच बघत होतो. गोल झाला. टीव्हीवरच्या पंचाची शिट्टी वाजून गेली.

मग भिंतीपलीकडून वाजली.
एक लांब. दोन आखूड.

मी खुंटीकडे पाहिलं. पितळी शिट्टी जागेवरच होती.
हात लावला. तोंडाकडची बाजू ओली होती.

बाहेर जाऊन पाहिलं. त्याच्या दाराला कुलूप तसंच, वर पंधरा दिवसांची धूळ.

मी दोन कप चहा केला. एक त्याच्या ओट्यावर ठेवला, अन् बंद दारासमोर बसून बोललो.

"चुकलं माझं. त्या तोडीला तुलेच बोलवायचं होतं."


कप आणायला अजून गेलो नाही.

देवराव, संप मिटला. तुला मनापासून नमस्कार, गड्या.