बायो, केमिस्ट्री आणि उजवी पाकळी

अकरावीला बायो आणि केमिस्ट्री दोन्ही होते, पण क्लास एकाच विषयाचा लावायचा, असं बाबांनी जाहीर केलं. दोन क्लास झेपण्याइतका मी हुशार नाही, हेही शेजाऱ्यांसमोर सांगून टाकलं. बाबा साखर कारखान्यात नोकरीला. तिथल्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसणारा केमिस्ट म्हणजे त्यांच्या मते जगातला सगळ्यात सुखी माणूस. आईला घरात डॉक्टर हवा होता, म्हणून तिचं बायो.

मला केमिस्ट्री हवी होती, आणि कारण होतं फुटबॉल. केमिस्ट्रीचा क्लास सकाळी, बायोचा शाहूपुरीत संध्याकाळी. संध्याकाळी मी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गोल फारसे अडत नसत, पण तिथं उभारायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

सरळ "केमिस्ट्री" म्हणालो असतो तर मिटलं असतं. पण आई रुसली असती. त्याच आठवड्यात आम्ही चंदगडकडं मामाच्या गावी गेलो. तिथल्या देवाचा कौल बहुतेक वेळा उजवाच येतो, असं मामानंच मला सांगितलं होतं. मी साळसूदपणे म्हणालो, "देवालाच विचारूया की."

गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार.

"केमिस्ट्रीचा क्लास लावू का?" मी हात जोडून विचारलं. जरा वेळानं उजवी पाकळी घसरली. बाबांनी पाठीवर थाप मारली. त्याच क्षणी मी चपला घालून बाहेर पडायला हवं होतं.

"आणि बायोचं कुठं विचारलंस?" आई म्हणाली.

"विचार की! देव काय दोन्हीला व्हय म्हणतोय?" बाबा म्हणाले.

गुरवांनी नव्या पाकळ्या लावल्या. "इचारा, अक्का."

आईचं विचारून व्हायच्या आत उजवी पाकळी खाली.

"पहिला कौल खरा धरायचा असतो ना?" मी घाईनं म्हणालो.

"पावणं, दोन्ही खरं," गुरव म्हणाले. "दोन्ही लावा की. देव कुठं न्हाय म्हणतोय?"

मी आशेनं बाबांकडं पाहिलं. मी किती मठ्ठ आहे हे त्यांनी आता तरी सांगावं.

"देवच म्हणतोय म्हटल्यावर झेपंल," बाबा म्हणाले.

झालं. सकाळी केमिस्ट्री, संध्याकाळी बायो. थोड्याच दिवसांत टीममधला दोस्त सकाळच्या क्लासच्या जिन्यात भेटला.

"मॅच कधी हाय रे?" मी विचारलं.

"झाली की काल. जिंकलो."

"गोलात कोण होतं?"

"बारका, बॉल आणून द्यायचा त्यो. कुणी न्हाय म्हणून त्यालाच उभा केला. एक बी गोल न्हाय खाल्ला गड्यानं. तू शीक सावकाश, डॉक्टर."

वर जाऊन मी पुस्तक उघडलं आणि ती मॅच डोळ्यांसमोर आणायला लागलो. गोलात बारका काही केल्या दिसेना, मीच दिसत होतो. आणि आम्ही हरत होतो.