मामांचे युरोपातले गाववाले

युरोपातला कुठलाही खून माझ्या बायकोच्या मामांना विचारल्याशिवाय मिटत नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. मामा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. रिटायर झाल्यापासून तळघरातल्या मोठ्या टीव्हीवर डेन्मार्क, बेल्जियम, स्पेन, मिळेल त्या देशातले खुनाचे सिनेमे सबटायटल्स लावून बघतात. मामींनी सोबत बसणं केव्हाच सोडलं, त्यामुळे शनिवारी दुपारी मी लागतो. पण खुनी कोण, यात मामांना काडीचाही रस नाही. पडद्यावर आपल्या रंगाचा माणूस आला रे आला की ते रिमोट दाबून सिनेमा थांबवतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "जावईबापू, हा कुठला? आडनाव काय याचं?"

आता कोपनहेगनच्या टॅक्सीवाल्याचं आडनाव मला कुठून माहीत असणार? ते सिनेमावाल्यांनाच माहीत नसतं. "इन्स्पेक्टरच्या कुत्र्याला नाव आहे, आणि या बाप्याला नाही!" म्हणून मामा भडकतात. ते मूळचे देवरुखचे. समोरच्याचं आडनाव आणि गाव कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग ते स्वतःच बारसं उरकतात. टॅक्सीवाला सांगलीचा कुलकर्णी, शवागारातला मदतनीस कऱ्हाडचा पाटील, अर्ध्यातच मरणारी दुकानदारीण म्हणजे वाईच्या शिंदेबाई. थोड्या वेळानं "पाटलांचं शिंदेबाईंशी काय वाकडं होतं हो?" असं विचारतात, आणि आपण बाहेरच्या बर्फातून नक्की कुठे येऊन बसलो आहोत, हेच मला कळेनासं होतं. खरा इन्स्पेक्टर कोण, हे तर मला कित्येकदा शेवटपर्यंत उमगलेलं नाही.

बरं, मामांना हवंय काय, तेही कळत नाही. सावळा माणूस खुनी निघाला की "बघा, पकडायला आपणच सापडतो!" नाही निघाला की "एक धड खूनसुद्धा आपल्यावर सोपवत नाहीत." एकदा पोलीसप्रमुखच सावळी बाई होती. म्हटलं, आज स्वारी खूश होणार. तर म्हणाले, "हिच्या घरी कोण असतं? ही जेवते कुठे? नुसती शोभेला उभी केलीय."

हे सगळं कशापायी, ते एकदा मामींनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मामांची एकुलती एक लेक शिकागोतली नोकरी सोडून सिनेमात कामं करायला युरोपात गेली, तेव्हा मामा तिला म्हणाले होते, "तिकडे तुला नाव असलेलं काम कोण देणार?" तेव्हापासून ती फक्त मामींना फोन करते. आणि मामा तळघरात बसून बघत राहतात, कुणी देतंय का ते. ऐकून मला फार वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात तिला काम मिळालं. स्पीकरवर ती सांगत होती, "आई, छोटा रोल आहे. नर्स. एकच सीन. बाबांना सांग, प्लीज पॉज करून क्वेश्चन्स नको." मामा शेजारीच बसले होते. नुसती नर्स, म्हणजे आडनाव नाहीच, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं.

सिनेमा आला त्या शनिवारी मामीही तळघरात उतरल्या. मामांनी रिमोट आपणहून माझ्या हातात दिला. कुलकर्णी आले, पाटील गेले, मामा गप्प. मग ती आली. पांढऱ्या कपड्यांत, जखमी इन्स्पेक्टरवर वाकलेली.

"थांबवा!" मामा ओरडले.

मी थांबवलं. मामा गुडघे धरत उठले, चष्मा नाकावर ओढला आणि टीव्हीला चिकटले. तिच्या खिशावर नावाची छोटी पट्टी होती.

"देवरुखकर," मामांनी वाचलं.

हे काही मामांचं आडनाव नाही. मी गोंधळून मामींकडे पाहिलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"आडनाव आणि गाव," मामा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "दोन्ही एकदम सांगून मोकळी झाली कार्टी." मग मामींकडे हात पुढे करून म्हणाले, "फोन लावून दे. मी बोलतो."

फोन बराच वेळ वाजला. "हं, आई?" पलीकडून आवाज आला.

"आई नाही, मी," मामा म्हणाले, आणि थांबवलेल्या पडद्यासमोर तसेच उभे राहिले. फोन दोघांनीही ठेवला नाही.

मी रिमोट हातात धरून बसून राहिलो. त्या सिनेमात खून कुणी केला, हे आम्हाला अजूनही माहीत नाही. मामा आजही तो तिथून पुढे लावू देत नाहीत.